चौदाव्या वर्षी लेकीचा धर्म लेकीच्या हाती

जर्मनीत मूल १४ वर्षांचं झालं की त्याचा धर्म कोणता हे ठरवण्याचा आईबापाचा अधिकार संपतो. कायदा कालपरवाचा नाही, १५ जुलै १९२१चा आहे. बारा पूर्ण झाली की मुलाला त्याच्या मनाविरुद्ध दुसऱ्या धर्मात वाढवता येत नाही. चौदा पूर्ण झाली की सगळंच त्याच्या हाती. चर्चमध्ये राहायचं की नाव काढून घ्यायचं, बहुतेक राज्यांत शाळेत धर्माच्या तासाला बसायचं की नाही, हेही त्यानंच ठरवायचं. आईबापाची सही लागत नाही.

मला हे कळलं ते लेकीच्या दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन; बाप्तिस्मा झालेलं मूल मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करतं तो चर्चमधला विधी) वर्गाच्या पालकसभेत. आम्ही मराठी ख्रिस्ती, स्टुटगार्टजवळ राहतो. इकडे आठवीतल्या मुलांची बुधवारची दुपार शाळा मोकळी ठेवतात आणि मुलं चर्चमध्ये दृढीकरणाच्या तयारीला जातात. पाळकबाई सहज बोलून गेल्या, की मेमधल्या दृढीकरणाच्या आधी बहुतेक मुलं चौदाची झालेली असतील, तेव्हा निर्णय त्यांचाच. बाकीचे पालक लगेच पुढच्या विषयाकडे वळले: हॉटेलात टेबल कधी राखून ठेवायचं, पाहुणे किती. मी मात्र त्या वाक्यापाशीच थांबले. आमची लेक फेब्रुवारीत चौदाची होते.

दुसऱ्या दिवशी आईला नगरला फोन लावला. वाटलं होतं, तीही माझ्यासारखीच हबकेल. ती म्हणाली, "चौदापर्यंत तर तुझ्या हातात आहे ना? मग तेवढ्यात काय दिलंस ते बघ."

तेव्हापासून मी तेच बघते आहे, म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट बोलून टाकते, कारण ती इतकी वर्षं मनात साठली आहे. नगरला गेले की मंडळीतलं, म्हणजे तिथल्या आमच्या चर्चमधलं, कुणी ना कुणी म्हणतंच, "तुमचं बरं आहे बाई, ख्रिस्ती देशात राहता. मुलांना वेगळं काही शिकवायलाच नको." माणसं प्रेमानंच म्हणतात, पण मला ते लागतं. कॅलेंडर ख्रिस्ती आहे, हे खरं. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडे) सुट्टी, ईस्टरच्या सोमवारची सुट्टी, स्वर्गारोहणाची सुट्टी, पन्नासाव्या दिवसानंतरच्या (पेन्टेकॉस्ट) सोमवारची सुट्टी. आपल्याकडे उत्तम शुक्रवारी तीन तासांच्या उपासनेला बसायचं तर खाजगी नोकरीवाल्याला किती वेळा साहेबासमोर उभं राहावं लागतं! इथे सुट्टी मागावी लागत नाही. पण त्या सुट्टीत काय होतं तेही बघा. स्वर्गारोहणाचा गुरुवार इथे 'बाबांचा दिवस' म्हणून जास्त ओळखला जातो. पुरुषांचे घोळके हातगाडीवर बिअरचे क्रेट लादून रानावनातून फिरत असतात. लेकीनं वर्गात विचारलं होतं, उद्या सुट्टी कशाची? येशू स्वर्गात गेला त्याची, हे मोजक्या मुलांना सांगता आलं. बाकीच्यांना शनिवार-रविवारला जोडून मिळालेली लांब सुट्टी एवढंच माहीत.

चर्चच्या घंटा रोज वाजतात. आमच्या खिडकीतून मनोरा दिसतो. रविवारी त्या मोठ्या दगडी इमारतीत आम्ही मूठभर माणसं असतो आणि त्यातली बरीचशी माझ्या आईच्या वयाची. २०२३ या एका वर्षात इथल्या दोन्ही मोठ्या चर्चमधून, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, मिळून साडेसात लाखांहून जास्त लोकांनी नाव काढून घेतलं. त्यासाठी सरकारी कचेरीत जायचं, कागदावर सही करायची, फी भरायची, झालं. आपल्याकडे मंडळीचं नाव सोडायचं म्हणजे आधी पाळक घरी येणार, मग वडीलमंडळी, मग सासरची, मग माहेरची. इथे कुणी दार वाजवत नाही. आणि चौदाचं मूलही त्या कचेरीत एकटं जाऊ शकतं.

वर्गणीचंही तसंच. आम्ही आलो तेव्हा पत्ता नोंदवायच्या अर्जात धर्माचा रकाना होता. आम्ही प्रोटेस्टंट लिहिलं आणि पुढच्या पगारापासून चर्चचा कर कापला जाऊ लागला. आमच्या राज्यात तो आयकराच्या आठ टक्के असतो. त्या पैशातून बालवाड्या चालतात, वृद्धाश्रम चालतात, ऑर्गनवादकाला पगार मिळतो. धाकटा चर्चच्याच बालवाडीत गेला, तिथल्या बाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण माझे वडील दर महिन्याला वर्गणीचं पाकीट माझ्या हातात द्यायचे आणि मी ते दानपात्रात टाकायची. देवाचं देणं आपल्या घरातून जातं, हे मला तिथे कळलं. इथे ते पगाराच्या कागदावरच्या एका ओळीतून जातं. माझ्या मुलांनी ती ओळ बघितलेलीही नाही. म्हणून रविवारची नाणी मी त्यांच्याच खिशातल्या पैशांतून टाकायला लावते. कर भरूनसुद्धा.

तर सांगायचं हे, की ख्रिस्ती देशात मुलांना काही आपोआप मिळत नाही. उलट आम्हांला नगरात जे आपोआप मिळालं ते ख्रिस्ती देशात नव्हतो म्हणूनच मिळालं असावं, असं आता वाटतं. मिशन कंपाउंडमधली चार घरं, संडे स्कूल, नाताळात रात्ररात्र घरोघर गात फिरणारी आमची टोळी, कापणीच्या सणाला चर्चच्या आवारात होणारा लिलाव. आपल्याच घरून वाहिलेला भोपळा बाबा चढी बोली लावून परत आणायचे, आणि त्यात आम्हांला केवढा अभिमान! वर्गात आम्ही दोघी-तिघीच ख्रिस्ती, त्यामुळे आपण कोण हे विसरायची सोय नव्हती. इथे विसरणं फार सोपं आहे.

आणि दुसऱ्या बाजूनं, इथल्या मराठी लोकांत गेलं की आमचं आडनाव ऐकून काहींच्या चेहऱ्यावर कोडं पडतं. तुम्ही मराठी, मग ख्रिस्ती कसे? अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरात १८३१ साली आले. माझ्या घराण्यातल्या कितव्या पिढीनं बाप्तिस्मा घेतला, हे आजीला तोंडपाठ होतं. रे. नारायण वामन टिळकांची भजनं आम्ही पेटी-तबल्यावर म्हणतो आणि पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून अख्खं बायबल मराठीत आणलं. आमचा विश्वास मराठीतच वाढलेला आहे. मुलांना हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण इथल्या शाळेत त्यांना कुणी सांगणार नाही आणि इथल्या मराठी मेळाव्यातही नाही.

आता घरचं. आमच्याकडे रात्री जेवण आटोपलं की प्रार्थना होते. टेबल पुसायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे आणि बसायचं. एक गाणं मराठीत, त्याला तडजोड नाही. एक उतारा, तो आळीपाळीनं एकेकानं वाचायचा. लेक मराठी अडखळत वाचते, धाकटा जर्मनमध्ये वाचतो. मग प्रत्येकानं आपापल्या शब्दांत प्रार्थना करायची, हव्या त्या भाषेत. धाकट्याच्या प्रार्थनेत फुटबॉलचा सामना असतो, शेजाऱ्यांचं आजारी मांजर असतं. मी कधी त्याला अडवत नाही. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. बायबलमधलं २३वं स्तोत्र दोघांना मराठीत पाठ आहे. ते आजीनं व्हिडिओ कॉलवर पाठ करून घेतलं, एकेक ओळ म्हणवून.

इथल्या एका मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिला ते जड वाटलं. रोज? मुलांनी नको म्हटलं तर? ती म्हणाली, आम्ही मुलीला मोकळं ठेवलंय, मोठी झाली की निवडेल. ती चांगली आई आहे, माझ्याहून जास्त धीराची. पण तिचं म्हणणं मला पटत नाही आणि पटणारही नाही. ज्या मुलीनं आपल्या आईला कधी प्रार्थना करताना पाहिलंच नाही, ती कशातून कशाची निवड करणार? घरात काहीच नसणं हेसुद्धा एक शिकवणंच आहे, आणि तेही रोजचं.

शिवाय ही रीत आम्ही कुठून बाहेरून आणलेली नाही, ती याच मातीतली आहे. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या फिरून बघितल्यावर, लोकांना साधी दहा आज्ञांची ओळख नाही हे पाहून जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरी लिहिली. तिच्यातल्या भागांच्या डोक्यावर लिहिलेलं आहे, की घरच्या कर्त्यानं हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीनं कसं शिकवावं. सकाळची आणि रात्रीची प्रार्थनाही त्यात दिलेली आहे. आमच्या या वुर्टेम्बर्गमध्ये तर लोक घराघरांत जमून बायबल वाचायचे, इतके की १७४३ साली राज्याला त्यासाठी खास हुकूम काढून परवानगी द्यावी लागली. मी हे पाळकबाईंना म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या घरी जेवणाच्या टेबलावर रोज वचन वाचलं जायचं, आईच्या घरी फक्त रविवारी. पुढचं त्या बोलल्या नाहीत.

शाळेत धर्माचा तास असतो, संविधानानं दिलेला. त्याला गुणही मिळतात, गणितासारखे. मला सुरुवातीला हे फार आवडलं होतं. मग सहावीत असताना लेक एक दिवस घरी आली आणि म्हणाली, उत्पत्तीच्या पुस्तकात निर्मितीच्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. नवऱ्याचा चेहरा उतरला. माझ्याही पोटात कालवलं, पण त्या रात्री आम्ही तोच उतारा घेतला. पहिला अध्याय आणि दुसरा अध्याय, दोन्ही मराठीत, सावकाश. पहिल्यात माणूस शेवटी घडतो, दुसऱ्यात झाडाझुडपांच्याही आधी. शिक्षकांचं बरोबर होतं. मी तिला म्हटलं, दोन्हींत देवच निर्माण करतो, आणि एकात तो शब्दानं करतो तर दुसऱ्यात मातीत हात घालून, मला दोन्ही हवेत. तिला ते पुरलं की नाही, माहीत नाही. पण त्यानंतर ती शाळेतले प्रश्न घरी आणायला लागली. तिची तुर्की मैत्रीण रमजानात रोजा ठेवते, तिचं ऐकेल का देव, हा प्रश्नही तिनं मलाच विचारला, शिक्षकांना नाही. याहून जास्त मला काही नको होतं.

आई अधूनमधून म्हणते, पोरं इकडे असती तर मंडळीत वाढली असती. असती, कबूल. पण मागच्या सुट्टीत आम्ही नातेवाइकांकडे राहिलो तेव्हा रात्री आठ वाजता किती घरांत बायबल उघडलं आणि किती घरांत मालिका सुरू झाली, तेही मी पाहिलं. माझ्या लेकीनं एका घरी सहज विचारलं, "प्रार्थना कधी आहे?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवत नाही. देशाबाहेर राहून मुलं देवापासून तुटतात असं जे म्हणतात, त्यांनी त्या रात्री तिथे असायला हवं होतं.

बायबलमध्ये प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिताना त्याच्या विश्वासाचं मूळ सांगितलं ते आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात. लेकीला हे वचन मी दाखवलं तेव्हा तिनं विचारलं, "आणि बाबा?" तेव्हापासून प्रार्थनेची सुरुवात नवरा करतो. शिफ्ट असेल त्या रात्री तो कामावरून फोन करतो, दोन मिनिटं.

कायद्याबद्दल मात्र माझं मत बदलत चाललंय. पहिल्या रात्री तो मला घरात हात घालणारा वाटला होता. पण दृढीकरण म्हणजे तरी काय? बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही तिच्या वतीनं दिलेला शब्द आता तिनं स्वतः द्यायचा. दुसऱ्याच्या सहीनं तो देता येत नाही, हे चर्चला सरकारच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात मी तिला सरळ सांगितलं, "फेब्रुवारीनंतर तुझं तू ठरव. दृढीकरण नको असेल तर मेच्या आधी बोल, मी रागावणार नाही."

तिनं विचारलं, "आणि रात्रीची प्रार्थना?"

"ती घराची आहे, ती होणारच. बसायचं की नाही ते तुझं."

"मग गाणं मी निवडणार," म्हणाली.

तिचा निर्णय अजून झालेला नाही, आणि मी विचारत नाही. दृढीकरणाला प्रत्येक मूल आयुष्यभरासाठी एक वचन निवडतं. तिनं तीन बाजूला काढून ठेवलीत आणि त्यातलं एक मराठीत वाचलं तर चालेल का, असं पाळकबाईंना स्वतःच जाऊन विचारून आली. चालेल म्हणाल्या. आईच्या व्हिसाचे कागद आम्ही जमवायला घेतलेत. तारीख मेमधली आहे, तिकीट एप्रिलअखेरचं बघतोय. दृढीकरण झालं नाही तरी आई येणार आहेच.