चवळीवरचा मावा आणि माझा आगाऊपणा

चवळीच्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला की माझा हात थेट पंपाकडे जायचा. त्या हंगामातही गेला. शेंडे माव्याने काळेभोर, पानं चिकट, खोडावर मुंग्यांची ये-जा. त्यात भर म्हणून काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, मगरीच्या पिल्लासारख्या अळ्या फिरत होत्या. म्हटलं, मावा काय कमी होता म्हणून ही नवीन ब्याद! दोन ओळींवर कीटकनाशक मारलं, तेवढ्यात अंधारलं. उरलेलं काम सकाळवर टाकलं.

सकाळी आधी एक अळी भिंगाखाली धरली. ती मावा खात होती. ठिपक्यांचा लाल भुंगेरा मला चांगला ओळखीचा, लेडीबर्ड म्हणतात तो. ही त्याचीच पोरं होती, आणि दोन ओळींतली मी आदल्या संध्याकाळीच मारून बसलो होतो.

बाकीच्या ओळी तशाच सोडल्या. धाकधूक होती, खोटं कशाला बोलू? पाचसहा दिवसांनी पानामागे काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे दिसले. एकेकाच्या पाठीला टाचणीने पाडावं तसं गोल भोक. एक इवलीशी गांधीलमाशी जिवंत माव्यात अंडं घालते, अळी आतून त्याला पोखरते आणि मोठी झालेली माशी ते भोक पाडून उडून जाते. हे बघण्यात माझी अख्खी सकाळ गेली.

फवारलेल्या ओळी आधी स्वच्छ झाल्या, मग पुन्हा माव्याने भरल्या. माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात. त्यांना खाणारे इतक्या झटपट वाढत नाहीत.

निंबोळी अर्क आजही मारतो, पण गरज पडली तरच: 5 किलो भरडा रात्रभर भिजवायचा, गाळून 100 लिटर पाणी करायचं. उन्हात त्याचा जोर टिकत नाही, म्हणून संध्याकाळी. पटापट किडी मरतील ही आशा नको. त्यांचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं. मित्रकिडींनाही तो अगदी निर्धोक नाही, त्यामुळे फक्त माव्याने भरलेल्या शेंड्यांवर.

सध्या माझं भांडण मुंग्यांशी आहे. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या राखणदारी करतात आणि भुंगेरा आला की त्याच्या पायाला चावून हुसकावतात.