सुटकेची खोली निवडताना

दिवाळीनंतर आई-बाबा आमच्याकडे बुडापेस्टला आले. दोन मित्रदांपत्ये आणि आम्ही चौघे अशा आठ जणांनी एक संध्याकाळ एकत्र घालवायचे ठरले आणि एस्केप रूम निवडण्याचे काम माझ्याकडे आले. साठ मिनिटांत खोलीतली कोडी सोडवून बाहेर पडण्याचा हा खेळ २००७ साली जपानमध्ये क्योतो येथे सुरू झाला. युरोपात त्याला मोठी लोकप्रियता मिळाली ती मात्र याच शहरात, २०११ साली पॅरापार्क नावाची एस्केप रूम सुरू झाल्यानंतर. हंगेरियन लोक त्याला 'सॉबॉदुलोसोबा', म्हणजे शब्दशः सुटकेची खोली, म्हणतात. शहराच्या पेस्ट नावाच्या भागातल्या जुन्या इमारतींची रिकामी तळघरे या खेळाला आयतीच मिळाली. मधल्या चौकाभोवती लोखंडी कठड्यांचे सज्जे असलेल्या त्या इमारती पाहून बाबांना गिरगावातल्या चाळीची आठवण झाली.

गेल्या वर्षी माझी निवड चुकली होती. आम्ही सात जण एकाच खोलीत शिरलो आणि तिथली कोडी साखळीसारखी होती, म्हणजे पहिले सुटल्याशिवाय दुसरे हाती येत नव्हते. तिघे कुलुपाभोवती वाकलेले आणि चौघे भिंतीला टेकून उभे, असा तो तास गेला. म्हणून यंदा मी प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारला, की एका वेळी किती कोडी समोर असतात. तीन-चार धागे एकाच वेळी हाती देणारी आणि शेवटी ते एकत्र आणणारी खोली असेल, तर कोणी पत्रे वाचतो, कोणी कपाट तपासतो आणि प्रत्येकाला आपले काम सापडते. अशा खोलीतही चारपेक्षा जास्त माणसे मला नको वाटली. त्यामुळे एकाच ठिकाणच्या दोन खोल्या एकाच वेळेला घेतल्या. इथे बहुतेक ठिकाणी पैसे गटामागे घेतात, त्यामुळे खर्च वाढला, पण तो मला योग्य वाटला.

विषय निवडायला फार वेळ लागला नाही. अंधारात अचानक अंगावर येणारे नट, बेड्या, किंकाळ्या हे आईला मानवले नसते, म्हणून चोरीचा छडा लावण्याची साधी रहस्यकथा घेतली. भाषेची चौकशी मात्र नीट करावी लागते. खेळाची माहिती इंग्रजीत सांगतात, पण आतले एखादे कोडे हंगेरियन शब्दावर बेतलेले असले तर पाहुणा तिथेच अडकतो. शिवाय कुठे रांगावे लागते का आणि तळघराच्या पायऱ्या किती, हेही बाबांच्या गुडघ्यांसाठी विचारून घेतले.

आणि दार. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडच्या कोशालिन शहरात अशाच एका खोलीला आग लागून पंधरा वर्षांच्या पाच मुली मरण पावल्या. त्यांना बाहेर पडता आले नाही. तेव्हापासून, आतून कोणत्याही क्षणी आणि कोणाच्याही मदतीशिवाय दार उघडता येते का, याचे स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय मी पैसे भरत नाही. आम्ही निवडलेल्या ठिकाणी मुख्य दार कुलूपबंद नव्हतेच. शोधायची होती ती तिजोरीची किल्ली.

आमच्या खोलीत खुंटीवर एक जुना ओव्हरकोट टांगलेला होता. आम्ही त्याचे खिसे उलटेपालटे करून पुढे गेलो होतो. तीस वर्षे शिवणकाम केलेली आई मात्र तिथेच थांबली आणि म्हणाली, "अरे, एकाच कोटाला अशी वेगवेगळी बटणे कोण लावेल?" वरून खाली चार, दोन, दोन, चार अशी त्यांची भोके होती. तिने स्वतःच ते आकडे पेटीच्या कुलुपावर फिरवले आणि किल्ली काढून बाबांच्या हातात दिली.