पार्कात जायचंय? आधी बसायची जागा ठरवा

परवा फॅमिली ग्रुपवर एकदाचं ठरलं, येत्या रविवारी सगळे मिळून पार्कात. सगळे म्हणजे नऊ जण, आई-बाबा, दादा-वहिनी आणि त्यांची दोघं, मी, नवरा आणि आमची चार वर्षांची चिमणी. प्लॅनिंग माझ्याकडे आलंय आणि मला ते मनापासून आवडतं, म्हणून लिहूनच काढते, अजून कुणी घरच्यांना घेऊन जाणार असेल तर उपयोगी पडेल.

मागच्या वेळी आम्ही एक मोठी चूक केली होती. एवढा मोठा पार्क, आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ म्हणून तळं पण, फुलांची बाग पण, छोटी गाडी पण आणि पार पलीकडच्या टोकाची टेकडी पण. दुपारपर्यंत आईचे गुडघे दुखायला लागले, ती एका बाकावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या गं, मी बसते इथेच." आम्ही गेलो. परत यायला दोन तास लागले, आणि आलो तेव्हा ती त्याच बाकावर, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून, आम्ही गेलो त्या रस्त्याकडे बघत बसलेली. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून यावेळी उलटं करायचं ठरवलंय. आधी मुक्कामाची जागा ठरवायची आणि बाकीचं सगळं तिच्या आजूबाजूला जेवढं बसेल तेवढंच. टेकडी राहिली तर राहिली.

काल दुपारी मुद्दाम एकटी जाऊन बघून आले, म्हणजे आपण ज्या वेळेला तिथे बसणार त्याच वेळेला जागा कशी असते ते कळतं. संध्याकाळी बघितलेली जागा दुपारी काहीच कामाची नसते कारण सावली कुठल्या कुठे गेलेली असते. हे सावलीचं नीट समजून घ्या, सकाळी सूर्य पूर्वेला म्हणून झाडाची सावली पश्चिमेला पडते, दुपारनंतर ती सरकत सरकत पूर्वेच्या बाजूला येते. आपण सकाळी आलो की आत्ता जिथे सावली आहे तिथे सतरंजी टाकतो आणि जेवणं होतात न होतात तोच सगळं सामान उचलून ऊन चुकवत फिरत बसतो. जेवून तिथेच लोळायचं असेल तर पहिल्यापासून झाडाच्या पूर्वेकडे टाकायची, सावली आपल्याकडे चालत येते. सकाळी तिथे ऊन असतं पण तेव्हा आपण तसंही फिरत असतो. आणि ढगाळ असलं तरी टोप्या घ्याच, साधारण दहा ते चार या वेळात उन्हातले अतिनील किरण सगळ्यात जास्त असतात आणि ते ढगांमधूनही बऱ्यापैकी खाली येतात.

मला मिळालेलं झाड छान डेरेदार आहे, खाली जमीन सपाट, मुंग्यांचं वारूळ नाही (हे वाकून बघितलं), खेळायची जागा नजरेच्या टप्प्यात आणि टॉयलेट माझ्या पावलांनी एकशे चाळीस पावलं. मी मोजली, कारण आईला आणि चिमणीला दोघींनाही हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा असतो. आईसाठी घडीची खुर्ची नेणार आहे, तीही हात टेकायला दांडे असलेली. बिनदांड्याच्या खुर्चीतून उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो, दांड्यावर जोर देऊन उठलं की खूप फरक पडतो.

अंतराचं पण सांगते. नकाशात गेटपासून तळं अगदी जवळ दिसतं पण रस्ता कधी सरळ जात नाही. मोठ्या पार्कांमध्ये रस्ते बऱ्याचदा मुद्दाम वळणावळणाचे ठेवतात, म्हणजे पुढचं एकदम दिसत नाही आणि आपण शहरात आहोत हे विसरायला होतं. न्यूयॉर्कचा सेंट्रल पार्क तर अख्खाच्या अख्खा माणसांनी आखलेला, ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या दोघांचा आराखडा 1858 मध्ये स्पर्धेतून निवडला होता, आणि तो पार्क आहे जवळजवळ 341 हेक्टर. फिरायला सुंदरच, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की प्रत्येक वळण पायांना कळतं. मोठा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर सहज चालतो, चिमणी बरोबर असेल तर निम्मं धरा, तिला प्रत्येक काडी उचलायची असते आणि उचलू द्यावी, त्यासाठीच तर नेतोय.

त्याच सेंट्रल पार्कातली एक गोष्ट मला फार आवडते, तिथल्या दिव्यांच्या खांबांवर नंबर असतात आणि त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यांवरून जवळचा रस्ता कुठला ते कळतं. हरवलेल्या माणसाने नुसता खांब वाचायचा. आपल्या पार्कात असे नंबर असोत नसोत, मुलांना एक खूण दाखवून ठेवायची, कारंजं, पुतळा, काहीही जे जागचं हलत नाही. फुगेवाला ही खूण नाही, तो जातो निघून. आमचं ठरलेलं आहे, चुकलं की शोधत फिरायचं नाही, त्या खुणेपाशीच थांबायचं, आम्ही येतो. दोघंही एकमेकांना शोधत फिरले की चुकामूक होतच राहते. गेटवर पोचल्यावर सगळ्या पोरांचा एक फोटो काढायचा, गडबडीत आज कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय ते आठवतच नाही, आणि फोन नंबर मनगटावर पेनने लिहायचा.

खाण्याचं वहिनी बघतेय त्यामुळे मी निश्चिंत आहे, फक्त पाणी वाटतं त्यापेक्षा जास्त घ्या. आणि बदकांना ब्रेड घालू नका प्लीज, त्यात त्यांना लागणारं पोषण नसतं, नुसतं पोट भरतं, आणि उरलेले तुकडे पाण्यात सडतात. मुलांना लांबूनच बघायला शिकवा, तेवढ्यातही खूश असतात ती.

बाहेरचं जेवण आत चालतं का, बॉल आणि सायकल चालते का, व्हीलचेअर मिळते का, बंद कधी होतं, हे आधीच फोन करून विचारून घ्या. गेटवर कळलं की सगळ्यांचाच मूड जातो.

रविवारचं असं ठरलंय, नऊला गेटवर, ऊन चढायच्या आत सगळ्यांनी हळूहळू तळ्यापर्यंत, साडेअकराला झाडाखाली मुक्काम. मग ज्याला जिकडे जायचं तिकडे जा पण आईजवळ कुणीतरी एक जण कायम राहणार, पाळी लावलीये आणि पहिली पाळी दादाने स्वतःहून घेतली. साडेचारला आवराआवर, झोका सगळ्यात शेवटी कारण त्यानंतर चिमणी दुसरं काही मागत नाही.

काल रात्री आईला फोन करून हे सगळं सांगितलं, झाड, खुर्ची, टॉयलेट किती पावलांवर ते पण. जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बसायचंच आहे ना निवांत, मग मी विणकाम घेऊन येते."