आधी पाय, मग तोफा: आर्मर्ड कोर 6 चा बिल्ड

बडोद्यात आर्मर्ड कोर 6 हा रोबो जुळवून लढायचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मराठी पोरांची एक तक्रार ठरलेली आहे: एवढा दांडगा रोबो बनवला, पण लढाईत चार उड्या मारल्या की धापा टाकतो. कारणही बहुधा ठरलेलंच. दुकानात पहिली नजर तोफांवर जाते, शस्त्रांच्या चारही जागा (दोन हात, दोन खांदे) भरतात आणि उरलेल्या वजनात जनरेटर कोंबला जातो. 2023 मध्ये आलेल्या या गेममध्ये बिल्ड, म्हणजे रोबोच्या पार्टची जुळणी, पायांपासून वर चढवायचा असतो.

पाय चार जातींचे. साधे दोन पाय सगळ्या कामांना चालतात. उलट्या गुडघ्यांचे उंच उडी मारतात. चार पायांचे हवेत तरंगत राहतात. रणगाड्याचे पाय सगळ्यात जास्त ओझं उचलतात; त्यांत बूस्टर (रोबोला ढकलणारं इंजिन) आतच असतो, त्यामुळे वेगळा लावता येत नाही. खांद्यावरची जड ग्रेनेड तोफ हवी असेल तर हे लक्षात ठेवा: दोन पायांवर ती डागताना रोबो जागीच थांबतो आणि नेमका तेव्हाच मार खातो. रणगाडा चालता चालता डागतो, चार पायांचा तरंगताना. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे पाय पाहून ओझं चढवायचं. हातांची वजनमर्यादा वेगळी असते. एकूण वजन बसलं तरी हातातली बंदूक त्या हातांना जड होऊ शकते, मग नेम ढिला पडतो. हा आकडा बघायचाच राहून जातो.

आता जनरेटर, कारण खरी गोम इथेच आहे. जनरेटरचं आउटपुट जसंच्या तसं मिळत नाही, कोअरच्या (रोबोच्या धडाच्या) टक्केवारीने ते कमी-जास्त होतं. समजा जनरेटर 3,400 देतो. 104 टक्क्यांच्या कोअरवर ते 3,536 होतं, 95 टक्क्यांच्या कोअरवर 3,230. सगळ्या पार्टचा ईएन लोड (त्यांना लागणारी ऊर्जा) 3,300 असेल तर पहिला रोबो मिशनवर जातो, दुसरा गॅरेजमध्येच अडकतो. म्हणजे नुसता कोअर बदलला आणि बिल्ड कोसळला, असं होऊ शकतं. उरलेलं आउटपुट वाया जात नाही; जितकं शिल्लक, तितकी ईएनची (उड्या आणि बूस्टला लागणाऱ्या ऊर्जेची) पट्टी लवकर भरते. म्हणून लोड आउटपुटला अगदी टेकवू नका. पट्टी पूर्ण संपली की किती वेळाने आणि किती ईएन परत येतं, हे दोन आकडे जनरेटर विकत घेण्याआधी वाचा. कोरल जातीच्या जनरेटरचा स्वभाव उलटा: पट्टी अर्धवट असताना तो रडतखडत भरतो, पूर्ण रिकामी केली की झपाट्याने भरतो. सवय नसेल तर सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

एफसीएस म्हणजे नेमाचा मेंदू. त्याचे तीन पट्टे: 130 मीटरच्या आत, 130 ते 260, आणि त्यापलीकडे. शॉटगन आणि पल्स ब्लेड ही जवळची शस्त्रं लावून लांब पल्ल्याचं एफसीएस ठेवलं, तर नेम शत्रूच्या मागे मागेच धावत राहतो. एकच अंतर ठरवा आणि शस्त्रं, एफसीएस, बूस्टर तिन्ही त्याच अंतराची घ्या. बंदुकीच्या परिणामकारक पल्ल्याबाहेरून मारलेल्या गोळ्या चिलखतावरून नुसत्या टणटण उडतात.

शस्त्रं निवडताना नुसता डॅमेज बघू नका, इम्पॅक्ट, म्हणजे तोल घालवणारा धक्का, बघा. शत्रूची स्टॅगरची (तोल जाण्याची) पट्टी भरली की तो काही क्षण गारठतो, आणि खरा मार तेव्हाच बसतो. एका हाताने पट्टी भरायची, दुसऱ्याने त्या क्षणात घाव घालायचा. मध्ये मारा थांबला तर पट्टी उतरते; म्हणून चारही शस्त्रं एकाच वेळी रिकामी करणारा बिल्ड दिसायला भारी, कामाला बेताचा. पहिल्या चॅप्टरच्या शेवटी येणाऱ्या बाल्टियस या बॉसभोवती पल्सचं कवच असतं. साध्या गोळ्यांनी ते फोडत बसण्यापेक्षा एका हातात पल्स गन द्या. तिथे हरलात तर चेकपॉइंटवरूनच हाताशी असलेले पार्ट बदलता येतात, मिशन सोडावं लागत नाही.

पैशांची चिंता करू नका. पार्ट घेतला त्याच किमतीला विकला जातो, तेव्हा नाही पटला तर परत देऊन टाका. विकण्याआधी बिल्ड सेव्ह करा आणि एसी टेस्टमध्ये (रोबोच्या चाचणीत) दोन मिनिटं फिरवून बघा: सलग चार क्विक बूस्ट (झटक्यात सरकणं) मारल्यावर पट्टीत काही उरतंय का? नसेल तर एखादी तोफ उतरवा. अरीनातून (एकास एक लढतींतून) मिळणाऱ्या, रोबोला नव्या क्षमता देणाऱ्या ओएसटी चिप खर्चताना पहिल्यांदा असॉल्ट आर्मर (रोबोभोवती स्फोट करणारा मारा) घ्यायला हरकत नाही. वेपन बे (हातातली बंदूक खांद्यावर लावायची सोय) मोहक वाटतो, पण खांद्यावर नेलेल्या बंदुकीचंही वजन पायांवरच येतं.

मे महिन्यात बडोद्याच्या उकाड्यात लॅपटॉप तापून गेम अडखळत असेल, तर फ्रेमची मर्यादा 120 वरून 60 वर आणा. लढताना 60 स्थिर असणं जास्त कामाचं.

राहिला रंग. गणपतीत छातीवर ‘मोरया’ हवं असेल तर एम्ब्लेम एडिटरमध्ये साधे आकार जोडून अक्षरं काढा: शिरोरेघेला एकच लांब आयत, ‘म’ आणि ‘य’च्या दांड्यांना उभे आयत, गोलाईला वर्तुळावर पार्श्वभूमीच्या रंगाचं थोडं लहान वर्तुळ. रेघा जाड ठेवा. बारीक रेघा लढाईच्या अंतरावरून दिसत नाहीत.