पगार झाला का?

अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायाचा रकाना होता. मी 'नोकरी' लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कुठे?" म्हटलं, "अंगणवाडीत." त्यांनी 'नोकरी' खोडलं आणि वर 'सेविका' लिहिलं. वाईट काही बोलल्या नाहीत, पण ती निळी रेघ माझ्या डोळ्यांपुढून अजून गेलेली नाही.

आई सिन्नर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवायची. सकाळी मदतनीस मावशी खिचडीचं पातेलं चुलीवर ठेवायच्या आणि आई पोरांना घरोघरून गोळा करून आणायची. मग वजनकाटा, गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरणाची यादी. पोलिओचा रविवार असला की दिवसभर डोस पाजायचे, निवडणूक आली की मतदार याद्या. 11 रजिस्टरं होती. संध्याकाळी ती ओट्यावर मांडून बसायची आणि मी आकड्यांची बेरीज करून द्यायची. एवढं सगळं करणाऱ्या बाईला सरकारी कागद म्हणायचे 'मानसेवी'. तिला मिळायचं ते 'मानधन'.

अंगणवाड्या ज्या योजनेखाली चालतात ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. गावातल्याच बाईने चार तास गावासाठी द्यावेत, असा तिचा पाया. 'अंगणवाडी' हा शब्द तर आपल्याच मातीतला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली, तिथला. त्या कामातली सेवा खरीच होती, आणि आईलाही 'सेविका' म्हणवून घ्यायला कधी कमीपणा वाटला नाही. मला मात्र वाटतं, त्या शब्दाच्या आडून तिचे पैसे राहिले.

कारण सेवक म्हणजे बिनपगारी, असं काही नाही. आमच्या गावचा ग्रामसेवकही सेवकच होता. त्याला वेतनश्रेणी होती, रजा होती, भविष्य निर्वाह निधी होता. 2024 मध्ये सरकारने त्या पदाचं नाव बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं, आणि तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. झालं ते चांगलंच झालं. पण त्याच गावात, त्याच चावडीजवळ, सेविका सेविकाच राहिली. आशाताईंना तर 'मोबदला' मिळतो, कामागणिक.

धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी आई कर्ज काढायला गेली, तेव्हा साहेब म्हणाले, "पगारपत्रक आणा." तिच्याकडे पासबुक होतं, त्यात येणाऱ्या रकमेच्या नोंदी होत्या, पण पगारपत्रक कुठून आणायचं? मानधनाची चिठ्ठी तिथे चालली नाही. शेवटी मामांनी जामीन राहून दुसरीकडून पैसे उभे केले. त्या दिवशी घरी आल्यावर आई बराच वेळ नुसती लसूण सोलत बसली होती.

म्हणून 25 एप्रिल 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी तिला फोनवर वाचून दाखवला. खटला गुजरातमधल्या बायांचा. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं की 1972 च्या ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांच्या, कायद्यापुरतं अंगणवाडी ही आस्थापना आहे, सेविका आणि मदतनीस तिथल्या कर्मचारी आहेत, आणि त्यांना मिळतं ते मानधनसुद्धा वेतनच आहे. 'कर्मचारी' हा शब्द आल्यावर तिने मला थांबवलं. म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. मग विचारलं, "मदतनीस पण म्हटलंय ना?" म्हटलं, "हो गं, दोघी."

मोर्चात 'मानधन नको, वेतन द्या' अशी घोषणा असते. आझाद मैदानावर आईनेही ती दिली आहे, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. पण बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांच्या, बैठकीला जमलेल्या बाया आपसात 'मानधन' असं कधी म्हणतच नसत. पर्यवेक्षिका मॅडम यायच्या आत एकमेकींना विचारायच्या, "पगार झाला का?" आई निवृत्त झाली तरी मावशींचा फोन येतो. नवीन बाई हाताखाली किती राबवते ते सांगतात, गुडघ्यांचं सांगतात, आणि फोन ठेवण्याआधी आई विचारतेच, "आणि पगार? झाला का या महिन्याचा?"