आमची वाटचाल : आधी रात्रीच्या विजेचा हिशेब, मग कॅमेरा

आमचा मूळ धंदा सोलर फिटिंगचा. जिथे विजेचे खांब पोहोचलेले नाहीत, किंवा पोहोचवणं मालकाला परवडत नाही, अशा जागी पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर बसवून द्यायचे. कॅमेऱ्यांकडे आम्ही आपणहून वळलो नाही, गिऱ्हाइकांनी वळवलं. अशा जागेवर मालक रोज नसतो. आपल्या माघारी तिथे काय चाललंय याची धास्ती त्याला कायम असते. आम्ही सिस्टीम चालू करून सामान आवरायला घेतलं की प्रश्न ठरलेला : "यावर वायरलेस कॅमेरे चालतील ना?"

चालतील म्हणणं सोपं होतं. एक कॅमेरा जेमतेम पाच-सहा वॉटचा. जी सिस्टीम पंप ओढते तिला त्याचं काय ओझं? पण पंप तास-दोन तास चालतो, तोही उन्हात. कॅमेरा चोवीस तास चालतो आणि रात्री जास्त खातो, कारण अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड एलईडी पेटतात. म्हणून काम घेण्याआधी कागद-पेन काढायची सवय आम्ही लावून घेतली. सरासरी सहा वॉटचे चार कॅमेरे म्हणजे २४ वॉट, रेकॉर्डर हार्ड डिस्कसकट १२ वॉट धरा, राऊटर आणि लिंक (लांबच्या कॅमेऱ्याचं चित्र हवेतून आणणारी जोडणी) मिळून १०. झाले ४६ वॉट. दिवसाला साधारण ११०० वॉट-तास. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. पण ती टिकायला हवी असेल तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी ९००. आभाळ भरून आलेला एक पूर्ण दिवसही यात निघत नाही. आणि आभाळ एकच दिवस भरून येतं असं थोडंच आहे!

यात इन्व्हर्टर अजून धरलेलाच नाही. मोठा इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता चालू असला तरी ३० वॉट सहज खातो, काही त्याहून जास्त. दिवसाचे ७२० वॉट-तास नुसते फुकट. बॅटरीची डीसी वीज इन्व्हर्टरने २३० व्होल्ट एसी करायची आणि कॅमेऱ्याच्या ॲडॉप्टरने ती पुन्हा १२ व्होल्ट डीसी करायची, हा उलटा-सुलटा प्रवास आम्ही बंद केला. आमच्याकडे कॅमेऱ्यांची लाइन थेट बॅटरीवरून निघते, मध्ये व्होल्टेज एकसारखं ठेवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि बॅटरीला लागून फ्यूज. कन्व्हर्टर गाळून थेट जोडणारेही पुष्कळ आहेत. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत जाते आणि उतरताना ११ च्या आसपास येते. कॅमेऱ्याने ते सगळं निमूट सोसावं अशी अपेक्षा आम्ही ठेवत नाही.

आमच्या धंद्याला खरं वळण दिलं ते दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या कामांनी. एका ठिकाणी तक्रार अशी, की फाटकावरचा कॅमेरा दिवसभर झकास चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू करत बसतो. कॅमेरा बदलून झाला होता, राऊटरही. आम्ही संध्याकाळी जाऊन मीटर लावून उभे राहिलो. बॅटरीपासून फाटक तीस मीटर, आणि घातलेली वायर अर्ध्या स्क्वेअर एमएमची. जाऊन-येऊन साठ मीटर तांबं, म्हणजे दोन ओहमच्या वर रोध. दिवसा ०.४ अँपिअरला जेमतेम ०.८ व्होल्ट पडत होते, ते कॅमेऱ्याला चालत होतं. दिवे पेटून करंट एक अँपिअरवर गेला की १२ चे ९.९ व्होल्ट, आणि कॅमेरा रीस्टार्ट. सुरू झाला की दिवे पुन्हा पेटणार, पुन्हा व्होल्टेज पडणार. वायर बदलली, खेळ संपला. तेव्हापासून लांबचा कॅमेरा असेल तर आम्ही सरळ पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज, घालतो. ४८ व्होल्टच्या आसपास वीज जाते, शंभर मीटरपर्यंत नेटवर्क केबल पुरते, आणि चित्रही त्याच केबलने येतं.

"मग वायरलेस कशाला म्हणायचं?" असं गिऱ्हाईक विचारतं, आणि ते रास्त आहे. वायर टाळता येत असेल तिथे टाळावी, पण हवेतून चित्र येतं, वीज येत नाही. शिवाय मध्ये झाडं असतील तर २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पानं खातात, ओली पानं तर जास्तच. उघड्या जागेत छान चालणारी लिंक पावसात दम तोडते ती यामुळे. हे काम आमच्या हातचं नव्हतं, म्हणून नेटवर्क जाणणारा एक मुलगा सोबत घेतला. आता लांबच्या टोकाला तो एकमेकांकडे तोंड केलेले एकाच दिशेला सिग्नल सोडणारे दोन अँटेना लावतो आणि मध्ये फांदी येत नाही ना, हे स्वतः वर चढून बघतो.

डोक्यावर छोटं पॅनल असलेले बॅटरीचे कॅमेरेही आम्ही लावतो, पण कुठेही नाही. ते बहुतेक वेळ झोपलेले असतात. समोर हालचाल झाली की जागे होतात, आणि जागं होण्यात क्षण जातो. गोदामाच्या दारावर चालून जातं. रस्त्यावर मात्र गाडीचं फक्त मागचं टोक मिळतं. आणि वळचणीखाली, सावलीत बसवला तर त्या पॅनलचा उपयोग शून्य.

४जी कॅमेऱ्याचं गणित तर आम्ही फोनवरच सांगून टाकतो. २ एमबीपीएसचं चित्र अखंड पाठवलं तर दिवसाला २१.६ जीबी. म्हणून रेकॉर्डिंग जागेवरच, मोबाइलवर फक्त इशारे. जिथे इंटरनेटच नाही, तिथे कॅमेऱ्याचं घड्याळ वीज गेल्यावर भलतीच वेळ दाखवायला लागतं. चोरी दुपारी दोनला झाली आणि फुटेजवर पहाटेचे चार, असं फुटेज कोणापुढे ठेवणार? रेकॉर्डरलाच वेळेचा मालक करून बाकीचे कॅमेरे त्याच्याशी जुळवून घेणं हे पाच मिनिटांचं काम, पण बहुतेक फिटिंगमध्ये राहूनच गेलेलं दिसतं. कोळ्यांचं वेगळंच. इन्फ्रारेडच्या उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि काचेवर जाळं झालं की रात्रभर खोटे इशारे. देखभालीच्या करारात फडक्याने काच पुसणं लिहिलेलं असतं. लोक हसतात, पण सगळ्यात जास्त फोन त्यामुळेच थांबले.

सुरक्षेची वीज घरच्या विजेपासून वेगळी ठेवायची, यावर आम्ही सगळ्यात जास्त वाद घातले. बॅटरी सगळ्यात खाली असते ती पहाटे, सूर्य वर यायच्या आधी. आदल्या रात्री कोणी उशिरापर्यंत टीव्ही चालवला किंवा पंप सुरू ठेवला, तर त्याची भरपाई कॅमेरे करतात, बंद पडून. म्हणून आम्ही कॅमेऱ्यांना स्वतंत्र छोटं पॅनल आणि स्वतंत्र लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी देतो. तिच्यातली ८० टक्के वीज बिनधास्त वापरता येते. फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, त्यामुळे कडक थंडीच्या जागी ती घरात ठेवतो. खर्च वाढतो. काही गिऱ्हाइकं इथेच उठून जातात. एकाच बॅटरीवर करायचं ठरलं, तर व्होल्टेज पडताना टीव्ही-पंप आधी तुटतील आणि कॅमेरे शेवटी, अशी कटऑफची रचना तरी मान्य करावी लागते. तीही नको असेल तर ते काम आम्ही घेत नाही.

आता कोटेशनच्या पहिल्या पानावर कॅमेऱ्यांची यादी नसते; रात्रीचे वॉट-तास आणि बिनउन्हाचे किती दिवस निघतील हे असतं. तो आकडा वाचून बरेच जण आठांचे पाच कॅमेरे करतात. आमची विक्री तेवढी कमी होते, पण त्यांतल्या बहुतेकांचा पुढचा फोन तक्रारीचा नसून शेजारच्या जागेचं काम सांगणारा असतो.