हळदीच्या डब्यापर्यंत

लोहाचं टॉनिक तीन महिने देऊनही लेकीचं हिमोग्लोबिन ९ च्या पुढे सरकेना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "माती खाते का? भिंतीचे पोपडे?" खात नव्हती. पोट दुखतं म्हणायची. पण सोमवारी सकाळी मोठ्या गटातल्या कुणाचं दुखत नाही? तरी त्यांनी रक्तातलं शिसं तपासायला लावलं. अशी तपासणी असते हेच मला ठाऊक नव्हतं.

रिपोर्ट आला : १७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. जागतिक आरोग्य संघटना ५ पासूनच 'शिसं कुठून येतंय ते शोधा' म्हणते. ते बाहेर काढणारी औषधं ४५ च्या आसपास सुरू होतात. म्हणजे आम्हाला औषध नाहीच. "लोह, कॅल्शियम चालू ठेवा आणि उगम शोधा," एवढंच.

घर पालथं घातलं. काजळाची डबी फेकली. मग नजर गेली सासूबाईंच्या पितळी पातेल्याकडे, कारण कल्हईच्या कथिलात शिसं मिसळलेलं असू शकतं. त्यात आमटी उकळून ती लॅबला दिली, सोबत हळद-तिखटही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. सगळं स्वच्छ निघालं. माझं आणि नवऱ्याचं रक्तही तपासलं, दोघंही २ च्या आत. मग ती खाते आणि आम्ही खात नाही असं काय? शाळेतली खिचडी.

"शिक्षिका रोज आधी चव घेतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. पण हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, मिसळलं तर चवीला काय कळणार? ते फक्त पिवळं असतं, हळदीला हवं तसं. स्वयंपाकाच्या मावशींनी डबा उघडला. सुटी हळद, झळझळीत. "ताई, चिमूटभर टाकली तरी काय रंग चढतो!" त्यांना कौतुकच होतं. त्यांनीच पुडी बांधून दिली. हळदीत शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा. या हळदीत २४० निघालं.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली. तिथे कळलं, कारवाईसाठी माझा रिपोर्ट चालत नाही. अधिकाऱ्याने स्वतः नमुना घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे. ते अकराव्या दिवशी आले. शाळेने डबा कधीच रिकामा केला होता, दुकानात नवं पोतं लागलं होतं, जुन्याचं बिल कुणाकडेच नव्हतं. नव्या पोत्यातला नमुना पास झाला. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कुणीही ग्राहक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो. फक्त विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. सांगून बघा एकदा!

शाळेत आता पाकीटबंद हळद येते. तीन महिन्यांनी लेकीचं शिसं ९ वर आलं, हिमोग्लोबिन साडेदहा. हाडांत साठलेलं शिसं सावकाश निघतं, म्हणून पुढची तपासणी दिवाळीनंतर. तिच्या वर्गात २६ मुलं आहेत. आतापर्यंत पाच जणांच्या घरच्यांनी रक्त तपासून घेतलंय.